कामाची गाडी खाली बसवताना: १९७२ च्या सी-१० साठीच्या अडीच-चार इंची सस्पेन्शन किटचे परीक्षण

माझी शेव्हरोले सी-१० ही १९७२ ची, लांब हौद्याची, ३५० घनइंची आठ सिलिंडरच्या इंजिनाची पिकअप आहे आणि ती मी प्रदर्शनात उभी करण्यासाठी घेतलेली नाही. टेक्सासात डॅलसच्या दक्षिणेला माझा लाकडी कपाटे बनवण्याचा लहानसा व्यवसाय आहे. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब प्लायवुडचा तक्ता या गाडीत फाळका बंद करूनही सपाट बसतो, या एका गुणासाठी २०१९ मध्ये ती घेतली आणि आजही आठवड्यातून तीन-चार दिवस ती वखारीत जाते. मार्च २०२४ मध्ये तिला पुढून अडीच आणि मागून चार इंच खाली आणणारे किट बसवले. त्यानंतरच्या दीड वर्षात गाडी सुमारे नऊ हजार मैल चालली, आणि त्या वापराच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. किटच्या उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीची किटे अमेरिकेत अनेक कंपन्या विकतात आणि खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्या सर्वांना लागू होतात. मला उत्तर हवे होते ते एकाच प्रश्नाचे: गाडी खाली आणल्यावर ती पूर्वीइतके ओझे वाहील का?

त्यासाठी ही गाडी मुळात कशावर उभी आहे हे आधी पाहावे लागते. शेव्हरोलेने १९६० मध्ये आपल्या अर्ध्या टनी ट्रकला, म्हणजे सी-१० च्या वर्गाला, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) आणि मागे पोलादी पट्ट्यांच्या पाट्यांऐवजी वेटोळ्यांच्या कॉइल स्प्रिंग दिल्या. पुढच्या बाजूला सुरुवातीला टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, होते आणि १९६३ पासून तेथेही कॉइल आल्या. १९६७ ते १९७२ या पिढीत हीच रचना कायम राहिली. मागचा एक्सल दोन लांब आर्मना यू-बोल्टने आवळलेला असतो, ते आर्म चासीच्या मधल्या आडपट्टीपर्यंत पुढे जातात, कॉइल त्या आर्मवर बसते आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार नावाचा एक तिरपा दांडा असतो. ही मांडणी इतकी पक्की होती की अमेरिकेतील नॅसकार मोटार शर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीतील गाड्या याच ट्रकवरून घेतलेले लांब आर्म २०२१ च्या हंगामापर्यंत वापरत होत्या. त्याच काळातील जीएमसीच्या (शेव्हरोलेच्याच मूळ कंपनीचे दुसरे नाव) अर्ध्या टनी गाड्यांना मात्र मागे साधारणपणे पाटेच असत आणि शेव्हरोलेलाही ग्राहकाने मागितल्यास पाटे मिळत. त्यामुळे किट मागवण्यापूर्वी गाडीखाली झोपून मागे कॉइल आहे की पाटे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. गाडीच्या कागदपत्रांवरून ते कळत नाही.

कारखान्यातून ही गाडी रिकामी असताना मागून उंच उभी राहते, कारण हौदा भरल्यावर ती सपाट व्हावी अशी योजना होती. म्हणून खाली आणताना मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त उतरवतात. चार-सहा, पाच-सात अशा आकड्यांची किटेही मिळतात आणि डॅलसजवळच्या वॉक्साहॅची गावात सी-१० गाड्यांचा मेळावा भरतो तेथे त्याहूनही खाली बसवलेल्या देखण्या गाड्या उभ्या असतात. त्या गाड्यांचे रंगकाम आणि जोडकाम मन लावून पाहण्यासारखे असते. पण त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगला दाबण्यासाठी जागाच उरलेली नसते, आणि प्लायवुड वाहणाऱ्या गाडीला तीच जागा सर्वात महत्त्वाची असते. अडीच-चारची निवड मी याच विचाराने केली.

पुढचा भाग खाली आणण्याचे तीन मार्ग आहेत. जुनी कॉइल एक-दीड वेढा कापणे हा सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट मार्ग आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड तर होतेच, पण त्याच प्रमाणात ताठही होते. शिवाय कापलेले टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मुद्दाम आखूड बनवलेली स्प्रिंग घालणे. ती व्यवस्थित बनवलेली असेल तर वाईट नाही, पण तिने पुढचे चाक धरणारा वरचा आणि खालचा आर्म कायमचा तिरपा होतो आणि दबण्याची जागा तितकीच कमी होते. तिसरा मार्ग स्पिंडल बदलण्याचा. चाक ज्या खुंटावर फिरते तो खुंट नव्या स्पिंडलमध्ये दोन्ही बॉल जॉइंटच्या (स्पिंडलला आर्मशी जोडणारे गोल सांधे) तुलनेत अडीच इंच वर घेतलेला असतो. चाक वर गेले म्हणजे गाडी खाली आली, पण आर्म, स्प्रिंग आणि त्यांची सगळी हालचाल पूर्वीसारखीच राहते. या किटमध्ये हा तिसरा मार्ग आहे आणि मी हेच किट घेण्यामागे हे सर्वात मोठे कारण होते.

माझे शिक्षण आणि पहिली नोकरी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या फौंड्र्यांच्या आसपास झाली. तेथे काम केलेल्या माणसाचा हात खोके उघडल्यावर आधी ओतीव भागाकडे जातो. स्पिंडल एसजी आयर्नचे आहेत, म्हणजे नुसत्या बिडासारखे ठिसूळ नसून धक्का बसल्यास तुटण्याआधी वाकणाऱ्या जातीच्या ओतीव लोखंडाचे. दोन्ही नगांवर साच्याच्या जोडाची रेघ बारीक आणि सरळ होती, खुंटाच्या मुळाशी भोकांचा किंवा आकसण्याचा मागमूस नव्हता आणि बेअरिंग बसण्याच्या जागा मायक्रोमीटरने मोजल्या तेव्हा जुन्या स्पिंडलशी तंतोतंत जुळल्या. बॉल जॉइंट सगळीकडून टेकतो का हे कळावे म्हणून त्याच्या निमुळत्या भोकात निळा रंग लावून पाहिले, तर जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर तो सारखा उमटला. चाकाचा सगळा भार या एका तुकड्यावर असतो, त्यामुळे ही तपासणी कोणत्याही कंपनीचे किट घेतले तरी करावी असे मला वाटते. १९७१ पासून या गाडीला पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येत असल्याने माझे रोटर आणि कॅलिपर या स्पिंडलवर काहीही न बदलता बसले. १९७० किंवा त्याआधीची ड्रम ब्रेकची गाडी असेल तर डिस्कचे सामानही घ्यावे लागेल आणि चाकांचे बोल्टही सहाचे पाच होतील, म्हणजे चारही चाकांचा खर्च वाढेल. नव्या स्पिंडलने चाक प्रत्येक बाजूला किंचित बाहेर येते. माझ्या पंधरा इंची चाकांना त्याचा त्रास झाला नाही, पण फार रुंद चाके असतील तर वळताना टायर मडगार्डच्या कडेला लागतो का ते आधी मोजावे.

पुढचे काम एका शनिवारी पूर्ण झाले. मी त्याच वेळी दोन्ही आर्मचे बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या) आणि चारही बॉल जॉइंट नवे घातले, कारण बावन्न वर्षांचे रबर हाताने दाबले तर चुरा होत होते. येथे किटच्या सूचनापत्रातील एक गंभीर उणीव सांगणे आवश्यक आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नसतात. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन त्यांच्यावर आल्यावरच ते आवळायचे, नाहीतर लोंबकळत्या स्थितीत रबर पकडले जाते, गाडी खाली उतरल्यावर ते कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. सूचनापत्रात याचा उल्लेखच नाही. पुढची दबलेली कॉइल निसटली तर माणसाचा जीव घेऊ शकते, ही सूचनाही एका ओळीत आणि बारीक अक्षरात उरकलेली आहे. कॉइलमधून साखळी ओवून ती चासीला बांधल्याशिवाय आणि खालच्या आर्मखाली जॅक लावल्याशिवाय बॉल जॉइंट सोडवू नये. हे मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर छापायला हवे होते.

मागचा भाग जास्त विचार मागतो आणि किटचे गुणदोष तेथेच उघड होतात.

मागच्या नव्या कॉइल चार इंच आखूड आणि मूळ स्प्रिंगपेक्षा ताठ आहेत. ताठपणा योग्यच आहे, कारण जागा कमी झाल्यावर तेवढेच ओझे कमी अंतरात पेलायचे असते. त्या बसवणे सोपे आहे: खालच्या टोकाचा कप आणि बोल्ट काढला, एक्सल खाली सोडला की जुनी स्प्रिंग हाताने निघते. आखूड शॉक अॅब्सॉर्बर किटमध्येच आले, ही चांगली गोष्ट. काही स्वस्त किटांत फक्त स्प्रिंग देतात आणि जुने लांब शॉक अर्धे दबलेल्या अवस्थेत वापरायला लावतात. मग खड्ड्यात शॉकचा दट्ट्या तळाला आपटतो आणि महिन्याभरात त्यातून तेल गळू लागते.

खरा प्रश्न चासीचा आहे. गाडी रिकामी असताना एक्सलची नळी आणि तिच्यावरची चासीची पट्टी यांत पूर्वी माझ्या मोजणीप्रमाणे साडेसहा इंचांचे अंतर होते, स्प्रिंग बदलल्यावर ते अडीच इंच राहिले. त्यात एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा मावला की दबायला दीड इंचाहून कमी जागा उरते. विक्रेत्याने फोनवर सांगितले की चार इंचांपर्यंत चासीला खाच मारण्याची गरज नाही. रिकाम्या गाडीपुरते ते खरे आहे. कामाच्या गाडीसाठी मी ते मान्य केले नाही आणि एक्सलच्या वर चासीच्या पट्टीत अर्धगोल खाच कापून तिला बाहेरून जाड पोलादी कमान बोल्टने बसवली. हे सामान वेगळे, दीडशे डॉलरचे घ्यावे लागले. खाच म्हणजे चासी कमजोर करणे नव्हे का, असा प्रश्न वाचकाला पडेल, आणि तो योग्य आहे. या गाडीची चासी उघड्या सी आकाराच्या पट्टीची असते, तिची खालची कड कापली की वाकण्याला होणारा विरोध त्या जागी झपाट्याने घटतो. म्हणून कमानीचा तुकडा पट्टीच्या उभ्या अंगाला आणि खालच्या कडेला दोन्हीकडे धरणारा असावा, भोके घट्ट मापाची पाडावीत आणि कापलेल्या कडेवर एकही तीक्ष्ण कोपरा ठेवू नये, कारण तडा तेथूनच सुरू होतो. कापण्यापूर्वी चासीवरून जाणारी ब्रेकची नळी आणि तारा सोडवून बाजूला बांधल्या. मी सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने खाचेचा भाग घासून, भिंगाने पाहिला. तडा नाही, बोल्ट हललेले नाहीत.

पॅनहार्ड बारबद्दल किटला मी अर्धेच गुण देईन. हा दांडा एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला एक्सलच्या बाजूला जोडलेला असल्याने गाडी खाली आली की त्याचा तिरपेपणा बदलतो आणि तो संपूर्ण एक्सल एका बाजूला ढकलतो. जुना दांडा तसाच ठेवून मोजले तेव्हा एक टायर मडगार्डच्या कडेपासून दुसऱ्यापेक्षा एक इंचाहून जास्त आत होता, म्हणजे एक्सल अर्ध्या इंचापेक्षा जास्त सरकला होता. किटमध्ये लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा आहे आणि त्याने एक्सल बरोबर मध्यावर आणता येतो. पण मध्यावर आणल्याने तिरपेपणा जात नाही. रस्त्यावरच्या उंचवट्यावरून जाताना मागचा भाग किंचित आडवा हलतो, तो त्यामुळेच. यावर खरा उपाय म्हणजे दांड्याचे एक टोक दुसऱ्या कंसावर घेऊन तो जमिनीशी समांतर करणे. हा कंस काही उत्पादक देतात आणि तो या किटमध्ये असायला हवा होता.

आणखी एक गोष्ट सूचनापत्रात नव्हती आणि ती मला रस्त्यावर कळली. पहिल्याच दिवशी ताशी पंचावन्न मैलांच्या पुढे बैठकीखाली एक बारीक, सलग थरथर सुरू झाली. चाके पुन्हा बॅलन्स केली तरी ती तशीच राहिली. मागचे लांब आर्म पुढच्या टोकाशी खिळलेले असल्यामुळे एक्सल वर गेला की तो आर्मबरोबर फिरतो आणि डिफरन्शियलचे नाक, म्हणजे शाफ्ट जोडला जातो ते टोक, खाली झुकते. माझ्या कोनमापकाने हा झुकाव सुमारे चार अंशांचा दाखवला. इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचे दोन्हीकडचे कोन त्यामुळे जुळत नव्हते, आणि ते जुळले नाहीत की शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग बदलतो. आर्म आणि एक्सल यांच्यामध्ये चार अंशांच्या पोलादी पाचरी घातल्या, यू-बोल्ट पुन्हा आवळले आणि थरथर पूर्णपणे गेली. लांब हौद्याच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, त्यामुळे मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर त्याच वेळी तपासावे; माझे फाटलेले होते. पाचरींची जोडी तीस डॉलरच्या आत मिळते. एवढी लहान वस्तू खोक्यात न घालता ग्राहकाला थरथरत्या गाडीत बसवणे मला पटलेले नाही.

आता ओझ्याबद्दल. किट बसवल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात पाऊण इंची प्लायवुडचे अठरा तक्ते भरले, म्हणजे साधारण ५४० किलो. मागची बाजू पावणेदोन इंच दबली आणि एक्सल व चासी यांत खाचेमुळे पुरेशी जागा शिल्लक होती. खाच नसती तर गाडी उभी असतानाच ठोकळ्यावर टेकली असती आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ चासीत गेला असता. त्यानंतर असे भार मी नियमित वाहिले आहेत. एकदा बागेच्या फरशा याहूनही जास्त भरल्या तेव्हा पुलाच्या जोडावर ठोकळा हलकासा लागला. ती या मांडणीची मर्यादा समजावी. गाडीच्या पाटीवर कारखान्याने दिलेली भारमर्यादा ताठ स्प्रिंग घातल्याने वाढत नाही, हेही येथे स्पष्ट लिहितो, कारण ब्रेक, एक्सल आणि बेअरिंग तेच राहतात.

खाली आल्याचा जो फायदा मी अपेक्षिला नव्हता तो फाळक्याशी आहे. पुढच्यापेक्षा मागचा भाग जास्त उतरला आणि फाळका एक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे त्याची उंची जवळजवळ साडेचार इंचांनी कमी झाली. दिवसातून वीस-पंचवीस जड तक्ते उचलून ठेवणाऱ्याला हे अंतर खांद्यात आणि कमरेत जाणवते. पत्नी कपाटांचे तयार भाग भरायला मदत करते, तिनेही पहिल्याच दिवशी हे बोलून दाखवले. कामाच्या गाडीला खाली आणण्याचे मला विचाराल तर हे सर्वात चांगले कारण आहे.

चालवण्यातला बदल मोठा आहे, पण त्याचे श्रेय नीट वाटून द्यायला हवे. पूर्वी सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागे आणि महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी ओढली जाई. आता ती रेषेत जाते आणि वळणावर पूर्वीइतकी कलत नाही. माझ्या मते यातला निम्मा तरी वाटा नव्या बुश आणि बॉल जॉइंटचा आहे, जो गाडी मूळ उंचीवर ठेवूनही मिळाला असता. उरलेल्यातला मोठा भाग व्हील अलाइनमेंटचा. या गाडीत वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ पत्र्या घालून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे-पुढे कल) जुळवतात. जुन्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या टायरांसाठी आणि हलक्या स्टिअरिंगसाठी होते. पॉवर स्टिअरिंग आणि रेडियल टायर असलेल्या माझ्या गाडीला कारागिराने साडेतीन अंश कास्टर आणि उणे अर्धा अंश कॅम्बर दिला. त्यानंतर वळण घेऊन सोडलेले स्टिअरिंग आपोआप मध्यावर येऊ लागले. या कामाला १३० डॉलर लागले आणि किटच्या ९५० डॉलरनंतर केलेल्या सर्व खर्चांत मला हा सर्वात मोलाचा वाटतो. रिकामी गाडी मात्र खराब रस्त्यावर मागून पूर्वीपेक्षा कडक लागते. ते ताठ स्प्रिंगचे मोल आहे आणि रोज रिकामी गाडी फिरवणाऱ्याने मऊ स्प्रिंग असलेला पर्याय पाहावा.

पुणे, नाशिक किंवा पणजीत बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. चासीला खाच मारण्यासारखे काम तेथे परवानगीशिवाय मुळीच करू नये. जुनी जीप किंवा पिकअप जपणाऱ्यांना मात्र बुश, बॉल जॉइंट, योग्य शॉक आणि अलाइनमेंट एवढ्या मूळ स्वरूपातल्या कामातूनही वर सांगितलेला मोठा फरक मिळेल.

पाचपैकी गुण द्यायचे तर स्पिंडलला पाच, मागच्या स्प्रिंग आणि शॉकला चार, पॅनहार्ड बारला अडीच आणि सूचनापत्राला एक. यू-बोल्ट पाचशे मैलांनंतर पुन्हा आवळावेत हेही त्या पत्रात नाही. माझ्या चारपैकी दोन बोल्ट पाव फेरा आणखी फिरले. पॅनहार्ड बारचा कंस मी मागवला आहे, तो येत्या हिवाळ्यात वखारीचे काम कमी असताना बसवीन.